नारळ फुटल्यानंतरचा भाव

पेट्रोल महागल्यापासून सांगलीच्या त्या दुकानासमोर नव्या मोटारी धूळ खात उभ्या होत्या. हरीने आपली सारी योजना याच निरीक्षणावर उभारली होती. तो साताऱ्यात पदार्थविज्ञान शिकवी. थोरला भाऊ जोतीराम लष्करातून निवृत्त झाला होता आणि टॅक्सीसाठी मोटार घेऊ पाहत होता. मोटार जमली, तर पाचगणीच्या शाळांतल्या मुलांची ने-आण करून तो घरी राहणार होता. नाही जमली, तर मुंबईची पहारेकऱ्याची नोकरी ठरलेली होती.

माजी सैनिकांच्या संघटनेने सभासदांसाठी कंपनीकडून सवलत मिळवली होती. तिचे पत्र जोतीरामच्या खिशात होते, पण हरीने ते दाबून ठेवायला सांगितले होते. आधी घासाघीस करून दुकानदाराच्या नफ्यातली सूट पदरात पाडायची, मगच पत्र पुढे करायचे. एक सूट कंपनीची, दुसरी दुकानदाराची; एकीने दुसरी कमी व्हावी, असे काही कारण नव्हते. दोन्ही मिळाल्याशिवाय जोतीरामची पुंजी मात्र पुरत नव्हती.

दुकानदार आप्पासो कण्हत-कुंथत भाव खाली आणत होता. हरी अजून ताणून धरत होता. तेवढ्यात बाहेर काहीतरी फाटकन फुटले.

आई साळूबाईने कडेच्या पांढऱ्या मोटारीला हळदकुंकू लावून चाकाशी नारळ फोडला होता.

"आई, अजून भाव ठरला नाही!"

"मग ठरवा की रं. म्या कुठं आडवी आले? मुहूर्त निघून चालला व्हता."

आप्पासो खुर्चीत रेलला. "आता कसली घासाघीस, मास्तर? नारळ फुटलेली गाडी टाकून कोण जातं? फौजी माणूस आहे, संघटनेचं पत्र असेलच. तेवढं द्या, त्याचीच सवलत घ्या, आणि पेढे वाटा."

नारळाच्या पाण्याने मोटारीत तसूभरही फरक पडत नाही, याविषयी हरीला शंका नव्हती. पण इथे तसे मानणारा तो एकटाच होता. दुकानाच्या चौकटीला ताजी लिंबू-मिरची टांगलेली होती.

तो उठला. "आम्ही जातो. आमच्या नावाचा नारळ फुटलेली गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला नवी म्हणून विकून दाखवा."

"आरं, वंगाळ बोलू नगंस!" साळूबाई ओरडली.

जोतीरामने त्याची बाही धरली. "हऱ्या, लय ताणू नगंस, गड्या. मला मुंबई न्हाई बघायची."

हरी थांबला नाही. दारापर्यंतचे अंतर फार थोडे होते, आणि मागून हाक येत नव्हती. आपले अनुमान चुकले, तर त्याची शिक्षा दुसराच माणूस भोगणार आहे, हे त्याला उंबऱ्यावर पहिल्यांदा नीट जाणवले.

आप्पासोची नजर खिडकीतून कुंकवाच्या बोटांवर गेली. ते कुंकू गाडीवर ओघळले होते.

"बसा, मास्तर. चहा सांगितलाय."

दोन्ही सवलती मिळाल्या. जोतीराम चाकामागे बसला, पण साळूबाई गाडीत पाऊल ठेवीना.

"नारळ फुटल्यावर 'जातो' म्हणलास. आता दुसरा तुझ्या हातानं फोड."

"आई, याला काही आधार नाही."

"नसंना का. ह्याला घाटातनं लोकाची पोरं न्यायची हायती."

हरीने नारळ घेतला. पहिल्या घावात तो फुटला नाही. जोतीराम काचेतून बघत होता. हरीने दुसरा घाव गरजेपेक्षा बऱ्याच जोराने घातला.