होडीतले दहाजण

चित्र माणसांच्या आधी घरी पोचलं आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मार्चातली, उपासाच्या दिवसांतली गोष्ट. ओरेबिच गावच्या धक्क्यावर मिठाच्या होडीतून एक चपटं लाकडी खोकं उतरलं. खोक्यावर डोंगरावरच्या मठाचं नाव होतं आणि त्याखाली कप्तान बाल्दोचं. कप्तानाचं गलबत, 'स्वेता आना', ओदेसाहून गहू आणायला ऑगस्टात निघालं होतं. नोव्हेंबरनंतर त्याचा काही ठावठिकाणा नव्हता. गलबतावर कप्तान धरून अकरा माणसं आणि अकराही याच गावची. खोकं गाढवावर लादून वर नेलं तेव्हा त्याच्या मागोमाग अख्खं गाव डोंगर चढलं, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरत होते तेही चढले.

पाद्रीबाबांनी फळ्या उचकटल्या. आत काय आहे ते बघायच्या आधीच बायका रडायला लागल्या होत्या, आणि ते रडणं सुखाचं होतं. मठाच्या भिंतींवर अशी साठ-सत्तर चित्रं आहेत. वादळात सापडलेला माणूस मेरीमातेला चित्राचा नवस बोलतो. वाचला की चितारी गाठून चित्र काढून घेतो, आणि मग वाचलेले सगळे मिळून अनवाणी पायांनी मठात येतात, तेव्हाच ते खिळ्यावर चढतं. मेलेला माणूस चित्र पाठवत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

खाली पांढऱ्या पट्टीवर अक्षरं होती. पाद्रीबाबांनी ती दोनदा वाचून दाखवली: 'स्वेता आना', कप्तान बाल्दो, तीन डिसेंबर अठराशे तेवीस, मातापानच्या खडकांवर. नवस बोलला, कृपा झाली.

ओर्सुलाचा जीव भांड्यात पडला. तिचा एकुलता एक लुको या गलबतावर सुतार होता. नवरा गेल्यापासून त्या घरात दोनच माणसं, आणि ऑगस्टापासून एकच. तिनं शेजारच्या काताला मिठी मारली. काताचा मुलगा मारोयेही त्याच गलबतावर होता. दोघी एकमेकींच्या खांद्यावर पोटभर रडल्या, आणि मग ओर्सुलानं डोळे पुसून चित्र नीट पाहिलं. तिथंच चुकलं. नीट पाहिलं नसतं तर आणखी महिनाभर तरी सुखाची झोप लागली असती.

डावीकडे खडकावर कललेलं गलबत होतं, डोलकाठी मोडलेली. वर ढगात मेरीमाता. उजवीकडे लाटांवर एक होडी, आणि होडीत माणसं. ओर्सुलानं मोजली. दहा.

तिनं पुन्हा मोजली. मग हळूच म्हणाली, "पाद्रीबाबा, तुम्ही मोजा बरं जरा."

पाद्रीबाबांनी बोट लावून मोजली. दहाच भरली. मग अकरा घरच्या बायका एकदम पुढे घुसल्या.

खोकं आणणाऱ्या होडीवाल्याला गावानं धक्क्यावर गाठून उलटसुलट विचारलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? त्रिएस्त बंदरात एका व्यापाऱ्याच्या माणसानं खोकं हवाली केलं होतं. कप्तान लाझारेतमध्ये आहे एवढंच तो म्हणाला होता. प्लेगच्या भीतीनं पूर्वेकडून आलेल्यांना चाळीस दिवस तिथं कोंडून ठेवतात. म्हणजे सगळेच तिथं असणार, असं गावानं धरलं. सगळे म्हणजे दहा. अकरावा कोण, हे मात्र मिठाच्या होडीवाल्याला विचारून कळणारं नव्हतं.

मग सुरू झाली ती ओळखण्याची लढाई.

होडीतल्या नऊजणांच्या डोक्यावर लाल टोप्या होत्या. दहावा, सुकाणूपाशी बसलेला, बोडका होता. तो कप्तान, हे लगेच ठरलं. कप्तानाची बायको निकाबाई म्हणाली, "ते टक्कल मी शंभरात ओळखीन. तीस वर्षं रोज बघतेय." खरं म्हणजे त्या ठिपक्याला केस आहेत की नाहीत हे चिताऱ्यालाही सांगता आलं नसतं. पण नवस कप्तानाचा, चित्र कप्तानाचं, तेव्हा होडीत कप्तान हवाच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. राहिल्या नऊ टोप्या आणि दहा आया-बायका.

ओर्सुलाला पहिल्या दिवशीच तिचा लुको सापडला होता. होडीच्या टोकाशी एकजण उभा होता, हात वर करून. डावा हात. लुको डावखुरा. सुतारकामात सगळे त्याला हसायचे, त्याची करवत कुणाला चालवता यायची नाही.

"तो माझा," ओर्सुला म्हणाली.

"तो मारोये आहे," काता म्हणाली. "सगळे बसलेले असताना उभं कोण राहतं? जेवतानासुद्धा ज्याचं बूड टेकत नाही तो."

"अगं, हात बघ ना. डावा आहे."

"उजव्या हातानं त्यानं दोर धरलाय, ओर्सुला. डावाच वर करणार. तुझा लुको काय एकटाच जगात डावा हात घेऊन जन्मलाय?"

"दोर कुठंय? ती रेघ आहे."

"तुझा हात मग काय आहे? तीही रेघच आहे."

यावर ओर्सुलानं काताच्या मारोयेनं लहानपणी तिची अंजिरं चोरली होती ते उकरून काढलं. मग काय, वीस वर्षांची मैत्री देवळाच्या दारातच संपली. सकाळी एकमेकींच्या चुलीतला विस्तव नेणाऱ्या बायका, आता कुंपणापलीकडे थुंकून विस्तव स्वतःच पेटवायला लागल्या.

पण खरी गोम वेगळीच होती. काताशी भांडताना ओर्सुला छातीठोक बोलायची, आणि घरी आली की तिलाच काही कळेनासं व्हायचं. तो लुको असेल तर इतका बुटका कसा? चिताऱ्यानं लुकोला पाहिलं तरी होतं का? कप्तानानं सांगितलं असेल, की एक डावखुरा होता. की दहा काढ म्हणाला आणि चिताऱ्यानं मनाला येईल तसे काढले? आणि अकरावा चिताऱ्याच्या हातून राहूनच गेला असेल तर? होडीत जागा नसेल उरली, म्हणून. असंही होऊ शकतं की. शुक्रवारी ती पुन्हा वर गेली तर तिला अकरा डोकी दिसली. धावत ती पाद्रीबाबांना घेऊन आली. ते म्हणाले, "बाई, ती वल्ह्याची मूठ आहे."

एक मेणबत्ती तिनं विकत घेऊन ठेवली होती. प्रवासात असलेल्यासाठी लावायची तर मेरीमातेपुढे, गेलेल्यासाठी लावायची तर डावीकडच्या लहान वेदीवर. दर वेळी ती मेणबत्ती हातात धरून दोन्हींच्या मधे उभी राहायची. जिवंत मुलासाठी मेलेल्यांची मेणबत्ती लावली तर? आणि तो खाली समुद्रात एकटा असताना आई तिकडे जिवंतांपुढे मेणबत्ती लावत बसली तर? शेवटी मेणबत्ती तशीच शालीखाली लपवून ती घरी न्यायची. तीन आठवड्यांत ती हाताच्या उबेनं वाकडी झाली.

चित्र भिंतीला टेकून उभंच होतं. पाद्रीबाबांनी खिळा ठोकून ठेवला होता. वाचलेले येतील, अनवाणी चढतील आणि मग ते वर जाईल. तोवर त्याच्यापुढे रोज बायकांची रांग. निकाबाई मात्र निवांत होती. तिनं कप्तानासाठी अंगरख्याला नवीन बटणं लावायला घेतली होती, आणि ओर्सुलाला त्या बटणांचा इतका राग यायचा की तिनं निकाबाईच्या दारावरून जाणारी समुद्राकडची वाटच बदलली.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्या बायका वर मठात गेल्या होत्या. ओर्सुला गेली नाही. काताचं तोंड बघायचं नव्हतं हे एक, आणि पुन्हा मोजायची भीती वाटत होती हे दुसरं. राखेच्या पाण्यात भिजवलेली चादर ती धक्क्याखालच्या दगडावर आपटत होती. समोरच्या कोर्चुला बेटाकडून एक लहानशी होडी आली. एक माणूस उतरला, धक्क्याच्या कडेला बसला आणि बूट काढायला लागला.

ओर्सुलाला आधी टोपी दिसली. लाल, कडेला निळ्या लोकरीचे दोन फेर. लाल लोकर संपली होती म्हणून तिनं शेवटचे दोन फेर निळे घातले होते, आणि लुको म्हणाला होता, आई, गलबतावर सगळे हसतील.

तिच्या हातून चादर पाण्यात गेली. ती धावली, आणि दहा पावलांवर थांबली. टोपीखाली पांढरी दाढी होती.

"कप्तान," ती म्हणाली.

कप्तान बाल्दो वाळून काटकुळा झाला होता. तिला बघून तो तोंडभर हसला आणि टोपी काढून त्यानं तिच्या हातात दिली. "घे गं बाई तुझी ठेव. लुकोनं घातली माझ्या डोक्यावर. होडीत उतरताना म्हणाला, कप्तान, तुम्ही शेवटी उतरणार, कान गारठतील. मला उतरायला मिळालंच नाही. लाटेनं होडी लांब नेली."

"लांब," ओर्सुला म्हणाली.

"लुको बोडका बसला सुकाणूवर, आणि शाबास त्याची, काय नेली होडी! मी गलबतावरून बघत होतो. दहाच्या दहा. तेव्हाच बोललो मेरीमातेला, मला राहू दे, पोरांना ने. दोन डोलकाठ्यांचं एक जहाज त्यांच्याकडे वळताना दिसलं, आणि मग पाऊस आला. मला रात्री लाटेनंच खडकावर टाकलं. तिथल्या धनगरांनी दोन महिने दूध पाजलं, ताप उतरेना." त्यानं दुसरा बूट ओढून काढला. "चित्र पोचलं ना? लाझारेतच्या गजांतूनच सांगितलं मी चिताऱ्याला. म्हटलं मला काढू नकोस, नवस त्यांच्यासाठी होता."

ओर्सुलाच्या डोळ्यांपुढे ती होडी आली. सुकाणूवरचा बोडका ठिपका. निकाबाईचा. इतके दिवस तिनं त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"पत्र... तुम्ही पत्र नाही पाठवलंत."

"पत्र कशाला? मी लिहिणार ते पोरांनी कधीच सांगितलं असणार." त्यानं बूट एकमेकांना बांधून खांद्यावर टाकले, आणि गावाकडे, रिकाम्या गल्लीकडे नजर टाकली. "आहेत कुठं सगळे? बोलाव की. नाताळपर्यंत पोचले असतील ना? मी त्यांच्यासाठीच थांबलोय, दहांना घेऊनच चढायचंय वर."

टोपीत हात घालून ओर्सुला निळे फेर चाचपत राहिली. टोपी ओली होती की तिचेच हात ओले होते, तेही तिला समजेना. जहाज वळलं होतं. वळलं होतं म्हणाला ना? मग कुठं गेलं? चार महिने कुठं गेलं? कप्तान अजून हसत होता, आणि उत्तराची वाट बघत होता. मग हळूहळू त्याचं हसू मावळलं.

वर मठाची घंटा वाजायला लागली. ओट्यावरून बायकांनी होडी पाहिली होती. पायवाटेनं त्या धावत उतरत होत्या, घागरे सावरत, एकमेकींना ढकलत. सगळ्यांच्या पुढे काता होती. ती धापा टाकत धक्क्यावर आली, कप्तानाकडे तिनं पाहिलंही नाही, तिनं ओर्सुलाचे दोन्ही दंड धरले.

"काय म्हणाला? सांग. तो उभा असलेला तुझा असू दे, घे तुला, मी भांडत नाही. पण माझा आहे ना होडीत? ओर्सुला, कोण राहिलं?"

कप्तान धक्क्यावर अनवाणी उभा होता आणि ओर्सुलाकडे बघत होता.

"कुणी राहिलं नाही, काता," ओर्सुला म्हणाली. "सगळे होडीत आहेत."

काता मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. मागून येणाऱ्यांना ती ओरडून सांगत होती, सगळे आहेत गं, दहाच्या दहा.