हाक न पोहोचणारं बेट

पहाट पुरती फुटली नव्हती तेव्हा समुद्र करडा होता. मग तो मोतिया झाला, मग शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा किंचित गुलाबी. आणि सूर्यबिंब अरण्याच्या काळ्या कडेवरून वर आलं तेव्हा एकाएकी, तळाशी कुणी समई उजळावी तसा, हिरवा. पाचूचा हिरवा नव्हे, पोपटाचा नव्हे. कोवळं केळीचं पान उन्हात आडवं धरलं की त्याच्यातून जो गळतो, तो हिरवा.

त्या हिरव्यावरून एक लहानशी होडी निघाली होती. मागे बेट, पुढे बेट, आणि मध्ये जलाचा हा विस्तीर्ण, श्वास घेणारा, तेजाळ पडदा.

होडीच्या टोकाशी मालविका पेंढारकर बसली होती. मिरजेच्या मुलींच्या शाळेत ती संस्कृत शिकवायची. सागर, अर्णव, रत्नाकर, सिंधू, जलधी. समुद्राची सगळी नावं तिला पाठ होती. समुद्र पाठ नव्हता. पन्नाशीच्या उंबऱ्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडली होती.

घरी अप्पा होते. तिचे वडील. रेल्वेत गार्ड होते. लांबलचक मालगाड्यांच्या शेपटाशी उभं राहून त्यांनी अर्धा महाराष्ट्र पाहिला होता. मग एका सकाळी उजवं अंग गेलं, उजव्या अंगाबरोबर बरीचशी वाचा गेली, आणि उरली ती उशाजवळची पितळी घंटी. डाव्या हातानं ते ती वाजवत. तहान लागली, घंटी. कूस बदलायची, घंटी. एकटं वाटलं, घंटी. वर्षामागून वर्षं मालविका त्या किणकिणाटाच्या दोरीला बांधलेली होती. आणि ती दोरी कुणी बांधली नव्हती, तिनं आपणहून कमरेला गुंडाळली होती.

"ताई, मी रजा टाकून येतो. तू जा कुठंतरी," नाशकाहून धाकटा भाऊ उमेश म्हणाला होता. "किती वर्षं झाली तुला, सांग बरं!"

ती गेली. अंदमानला गेली. आणि पोर्ट ब्लेअरच्या त्या चिमुकल्या प्रवासी कचेरीत तिच्या हातून ते घडलं.

"सगळे हॅवलॉकला जातात, नीलला जातात," कचेरीतला माणूस हिंदीत सांगत होता.

"जिथं फारसं कुणी जात नाही, असं काही?"

त्याचा चेहरा उजळला. असं विचारणारी माणसं विरळा. त्यानं नकाशा उलगडला. बोटाखाली बेटांचे ठिपके एकेक जागे होऊ लागले. तिवरांच्या आडची एक खाडी. चुनखडीची एक गुहा. दोन बेटांमधला, ओहोटीलाच दिसणारा वाळूचा पूल. अरण्यात दडलेला धबधबा. मालविका ऐकत होती, आणि ऐकता ऐकता पर्सच्या खिट्टीशी चाळा करत, खिट्टीकडेच बघत, तिनं विचारलं,

"तिथं मोबाइलला रेंज असते?"

"नाही ना मॅडम. तेवढीच एक अडचण."

"चालेल."

तो शब्द इतका चटकन आला, की त्याचा तिलाच चटका बसला.

उमेशला फोनवर तिनं सांगितलं, "अरे, तिकडची बेटं फार सुंदर आहेत म्हणे. गर्दी नाही, गोंगाट नाही." यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. आणि त्या सगळ्या खऱ्याच्या पोटात, फळात अळी असावी तसं, एक न सांगितलेलं कारण वळवळत होतं.

होडी हाकणारे नित्यानंद मंडल. त्यांचे आईवडील बंगालातून इथं येऊन वसले होते. त्यांच्याच घरी, माडांच्या सावलीतल्या एका लाकडी खोलीत, मालविका उतरली होती. म्हातारा मितभाषी होता. त्याच्या चेहऱ्यावर वाऱ्यानं पुष्कळ लिहिलेलं होतं आणि त्याला त्यातलं काही बोलून दाखवायची हौस नव्हती.

खाडीच्या तोंडाशी त्यांनी इंजिन बंद केलं. तिवरांची मुळं पाण्यात उतरलेली, कमानींमागून कमानी, कमानींमागून कमानी, जणू अरण्य गुडघ्यांवर बसून पाणी पीत होतं. वर पर्णराजीचं छत. खाली काळसर, चकचकीत, निःस्पंद जल. एका मुळावर निळ्या पंखांचा खंड्या बसला होता. तो उडाला आणि अंधारातून एक ठिणगी निळी होऊन निघून गेली.

एवढी शांतता मालविकेनं कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत घंटी वाजली.

ती दचकून अर्धवट उठली. होडी डगमगली. "बसा, दीदी, बसा," नित्यानंद म्हणाले. घंटी नव्हती. वल्ह्याच्या कडीवर कडी आपटली होती. पण मालविकेच्या देहातला एक न् एक स्नायू उठून उभा राहिला होता, आणि पुन्हा बसताना तिला जाणवलं, की इतकी वर्षं हा देह असाच अर्धवट उठलेला होता.

गुहेत ती फार थांबली नाही. चुनखडीचे शुभ्र लोलक छतातून उतरलेले. त्यांच्या टोकांवर एकेक थेंब, पडू की नको अशा संभ्रमात. आत गारवा होता, आणि कुणाच्या तरी आजारी खोलीत असावा तसा ओला, साचलेला वास. ती बाहेर आली आणि उन्हात उभी राहिली.

मग ओहोटी लागली. दोन बेटांच्या मधोमध समुद्रानं आपली कूस उघडी केली आणि तिथं वाळू होती. चंद्रकोरीसारखी वळलेली, पावलाची खूण नसलेली, धुतल्या तांदळासारखी पांढरी. तिच्या एका अंगाला हिरवं पाणी, दुसऱ्या अंगाला निळं. मालविका साडी नेसत आली होती जन्मभर; आज तिच्या अंगावर सैलसा सलवार-कमीज होता, आणि त्या कपड्यांनिशी ती पाण्यात शिरली. गुडघाभर. कमरेइतकं. मग तिनं मान मागे टाकली, पाय सोडले, आणि समुद्रानं तिला उचललं.

उचललं. तिला कुणी उचललं होतं याला किती काळ लोटला होता! तिनं उचललं होतं. रोज. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, काखेत हात घालून, कण्याला कळ येईतो. आज त्या सगळ्या भाराखालून कुणी तिचे हात अलगद सोडवून घेतले. कानांत पाणी, डोळ्यांत आभाळ. वर एक समुद्रगरुड विशाल, निरिच्छ वर्तुळं काढत होता.

आणि तेव्हा तो विचार आला. बोलावला नव्हता. मासोळीसारखा आला, सुळकन, थंड.

काल घरी काही झालं असलं, तर मला कळलेलं नाही. आज झालं, तरी कळणार नाही. आणि कदाचित... झालं असेलही.

त्या विचाराबरोबर भीती यायला हवी होती. भीती आली नाही. आलं ते हलकेपण. पिसाचं, फेनाचं, उन्हाचं हलकेपण. एका लाटेच्या चढापासून उतारापर्यंत, फक्त तेवढाच वेळ, मालविका पेंढारकर आपल्या वडिलांच्या मरणाच्या कल्पनेवर डोकं टेकून सुखानं पहुडली होती.

मग लाट उतरली आणि ती धडपडून उभी राहिली.

पाणी तसंच नितळ होतं. वाळू तशीच धवल. कुणी काही पाहिलं नव्हतं. तिनं ओंजळीनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. खारट पाण्यानं खारट पाणी धुतलं जात नव्हतं. सगळं सौंदर्य आता तिच्याकडे वळून बघत होतं. हिरवं बघत होतं, निळं बघत होतं. सारा समुद्र एक उघडा, पापणी न हलवणारा डोळा झाला होता.

"दादा, इथून फोन कुठून लागेल?"

नित्यानंद वाळूवर बिडी ओढत बसले होते. त्यांनी तिच्या निथळत्या कपड्यांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "आता? अजून धबधबा राहिलाय, दीदी."

"राहू दे धबधबा."

"आमच्या बेटावर टेकडी आहे. माथ्यावर कधी लागतो, कधी नाही."

"चला."

टेकडीची वाट वेतांच्या जाळीतून जात होती. ओले कपडे अंगाला चिकटले, काट्यांनी बाह्या ओढल्या, घामानं डोळे चरचरले. ती चढत राहिली. प्रायश्चित्ताला चढण लागते, तशी ही चढण तिला जवळजवळ हवीशी वाटली. माथ्यावर एक गंजका खांब होता आणि चारी दिशांना अथांग, उदासीन, देदीप्यमान जल. तिनं फोन उंच धरला, खाली धरला, खांबाला टेकून धरला. अखेर पलीकडे रिंग वाजली. एकेक रिंग म्हणजे एकेक काळी पायरी. त्या पायऱ्यांच्या तळाशी काय असेल?

"ताई! अगं, आहेस कुठं तू?"

"अप्पा कसे आहेत?"

"अप्पा? मजेत आहेत." उमेश हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "सांगू? रागावणार नाहीस ना?"

"काय झालं, उमेश?"

"मला तुझ्यासारखं भरवता येत नाही गं. पहिल्याच दिवशी सगळी खिचडी त्यांच्या अंगावर. मी आपला पुसतोय आणि परत सांडतोय. शेवटी अप्पांनी चमचा माझ्या हातातून ओढूनच घेतला. डाव्या हातानं. किती वेळ लागला म्हणतेस! निम्मी चादरीवर गेली. पण स्वतः खाल्ली, ताई. तेव्हापासून रोज स्वतः खातात. मी नुसता बघत बसतो. आज तर हसले."



डाव्या हातानं. जो हात घंटी वाजवत होता, त्या हातानं. इतकी वर्षं ती त्यांना भरवत आली होती. नीटनेटकं, झरझर, एक शीत न सांडता. एका हातात वाटी, एका हातात रुमाल, नजर घड्याळावर. "आ करा, अप्पा. पटकन. शाळेची वेळ झाली." सकाळी पटकन. संध्याकाळी पटकन. सगळी गल्ली म्हणायची, लेक असावी तर अशी. आणि त्या पटकनच्या खाली एक हात चादरीवर पडून होता, जिवंत, जागा, वाट बघणारा. तिनं त्याला कधी विचारलंच नव्हतं.

पाण्यावर तरंगताना तिनं केलं ते पाप तिला कळलं होतं. हे दुसरं तिला पुण्य वाटत आलं होतं. तिनं खांब धरला.

"देऊ का त्यांना?" उमेश विचारत होता. "अप्पा, ताई आहे, बोला."

पलीकडे श्वास आला. जाड, ओढलेला, ओळखीचा.

"मा...लू."

"अप्पा," ती म्हणाली, आणि पुढचे सगळे शब्द तिच्याकडे एकदमच धावून आले. "अप्पा, मी येते. उद्याच निघते. पहिली बोट पकडते आणि..."

"न...को."

वारा फोनमध्ये शिरला. तिनं पाठ वळवून त्याला अडवलं, पदर असता तर पदराआड घेतला असता.

"काय म्हणालात, अप्पा?"

"नको." यावेळी तो शब्द स्वच्छ होता. मग बराच वेळ केवळ श्वास. एखादं जड दार आतून लोटावं तसा प्रयत्न. "ब...घ."

"काय बघू?"

"स...गळं."

आणि रेंज गेली.

ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली, पण पलीकडचं जग जसं उघडलं होतं तसंच मिटलं होतं. नको. त्या दोन अक्षरांना ती उलटसुलट करून पाहत राहिली. जन्मभर शब्द फोडून त्यांचे अर्थ मुलींना सांगणारी बाई, पण हा शब्द फुटत नव्हता. मालगाडीच्या शेपटाशी उभं राहून जग पाहिलेल्या बापानं लेकीला दिलेली ती मोकळीक होती का? की तिच्या झरझर हातांपासून त्याला मिळालेली सुट्टी, अजून थोडी पुरावी, अशी विनवणी? प्रेम होतं की सुटका? ती पाण्यावर हलकी झाली होती. तेही तिकडे, चादरीवर खिचडी सांडत, हलके झाले असतील का?

दोन्ही असेल. तिला ते दोन्ही सहन करावं लागणार होतं.

नित्यानंद काही अंतरावर पाठमोरे उभे होते. "घरी सगळं ठीक?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माझ्याशिवाय ठीक आहे." आणि मग, उतरणीला लागताना, "उद्या धबधब्याला जाऊ, दादा."

दुपार कलली होती. माडांच्या सावल्या लांबून पाण्यापर्यंत पोचल्या होत्या. झावळ्यांच्या फटींतून उन्हाचे सोनेरी कवडसे अंगणभर सांडले होते. नित्यानंदांची बायको शेफाली हिनं ओटीवर पान मांडलं: वाफाळता भात, मसुराची डाळ, भोपळ्याच्या कोवळ्या वेलाची भाजी, लिंबाची फोड.

मालविकेनं हात धुतले. मग म्हणाली, "एक चमचा द्याल?"

चमचा तिनं डाव्या हातात घेतला. उजवा हात मांडीवर ठेवला, पालथा, निपचित, जणू तो तिचा नव्हेच. पहिल्या घासाचा भात वाटेतच ओघळला. दुसरा हनुवटीला लागला. तिसऱ्याला मनगट थरथरलं आणि डाळीची एक पिवळी धार कोपरापर्यंत गेली. रुमाल शेजारीच होता. तिनं तो घेतला नाही.

"हाताला लागलं का, दीदी?" शेफाली घाबरून पुढे आली. "मी देऊ का भरवून?"

"नको," मालविका म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडून आलेला तो शब्द तिनं क्षणभर ऐकला. "तुम्ही बसा. जरा वेळ लागेल, एवढंच."

शेफाली बसली. खांबाला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, समुद्राकडे बघत. कुणाला काही घाई नव्हती. सांडलेली शितं टिपायला साळुंक्या ओटीवर उतरल्या. आधी एक, मग दोन, मग पिवळ्या चोचींचा एक निर्भय मेळा. भाताची वाफ विरली. डाळ निवली. उन्हं वाळूवरून निघाली, खोडांवरून निघाली, माडांच्या शेंड्यांवरून निघाली. आणि तरीही तो एक घास ताटापासून ओठांपर्यंतच्या वाटेवर होता, डगमगत, सांडत, सावकाश, सावकाश.