उमटलं म्हणजे पोचलं

रुग्णालयाच्या टर्मिनलच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आया, कंपाउंडर, लिफ्टवाला, एवढंच काय, प्लास्टरमधला एक रुग्णही कुबड्या टेकत आला होता. जुनं मोडेम जळल्यापासून औषधभांडाराच्या संगणकाशी बोलणं बंद होतं आणि दुकानातलं एकही मोडेम या म्हाताऱ्या टर्मिनलशी जुळत नव्हतं. आज उस्ताद ते जुळवणार होते.

उस्ताद म्हणजे इथलेच निवृत्त ऑपरेटर. "बाजारात मोडेम मिळतं, पोरी, जुळणं मिळत नाही," ते डोळे मिटून टर्मिनल चालवणाऱ्या ताईंना म्हणाले. "यंत्रांनाही स्वभाव असतो. तो सुरात पकडावा लागतो." मग सोबत आणलेल्या मोडेमच्या करड्या पेटीच्या रबरी वाटीवर ओणवून त्यांनी लांब शीळ घातली. पेटीवरचा लाल दिवा लागला! लिफ्टवाल्याने हात जोडले. फोनचा रिसीव्हर वाट्यांत बसवल्यावर दिवा विझला, तर उस्ताद हसले. "आता ती दोघं आतल्या आत बोलतायत."

ताईंनी टाइप केलं : इन्शुलिन, चाळीस कुप्या. एकेक अक्षर पडद्यावर उमटलं. टाळ्या पडल्या, आणि ताईंना रडू फुटलं. त्यांची थोरली जाऊ वरच्याच वॉर्डात इन्शुलिनवर होती.

चौदा वर्षांपूर्वी उस्तादांनीच त्यांना शिकवलं होतं, "आपलं अक्षर भांडारातल्या संगणकाला शिवून परत येतं, तेव्हाच पडद्यावर दिसतं. उमटलं म्हणजे पोचलं." ताईंनी हे वाक्य गाठीला बांधून ठेवलं होतं.

भांडाराची गाडी आठवड्याला यायची. ती दोनदा आली, इन्शुलिन आलं नाही. ताई रोज नव्याने मागणी टाइप करत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाई तरातरा खोलीत शिरल्या.

"भांडार म्हणतंय, तुमची एकही मागणी आली नाही. गाडी पाठवलीय मी. तुमच्या जाऊबाई सकाळपासून डोळे उघडत नाहीयेत."

"असं कसं? रोज उमटतंय की! उमटलं म्हणजे पोचलं!"

"बरं. फोनची वायर काढा आणि टाइप करा."

ताईंनी वायर उपटली. टाइप केलं. अक्षरं उमटली, ठणठणीत. ताई टर्मिनलच्या मागे वाकल्या.

टर्मिनलच्या पाठीमागे नखाएवढा खटका होता. तो वर असला की अक्षरं भांडारात जाऊन परत येत. खाली ओढला की टर्मिनल आपलं आपल्याशीच बोलायचं. खटका खाली होता. आणि दिवा? ताईंनी वाटीवर शीळ घातली, दिवा लागला. मग लिफ्टवाल्याने घातली, दोन-तीन प्रयत्नांत त्यालाही सिद्धी प्राप्त झाली. सूर ठरावीक पट्टीत बसला की पेटीला तो पलीकडच्या मोडेमचाच वाटायचा, मग शीळ घालणारा कुणी का असेना! भांडाराचा खरा सूर मात्र तिला ओळखू येत नव्हता, म्हणून रिसीव्हर बसवताच दिवा विझला होता.

उस्तादांना बोलावलं. ते खटक्याकडे बघायलाच तयार होईनात.

"निवृत्त झाल्यावर कुणी ओळख देत नव्हतं, पोरी. म्हटलं, तोवर खटका खाली ओढून ठेवू, आज ना उद्या जुळणारं मोडेम सापडेलच."

"'सापडत नाही' एवढं म्हणाला असतात," ताई म्हणाल्या, "तर मी त्याच दिवशी कागदावर मागणी लिहून गाडीवाल्याच्या हातात दिली असती. तुम्हीच शिकवलेलं वाक्य होतं ते. त्यानेच गळा कापलात माझा."

कुप्या संध्याकाळी आल्या. जाऊबाईंनी डोळे उघडले ते तिसऱ्या दिवशी.

जुळणारं मोडेम पुढे सापडलं, एका बंद छापखान्याच्या भंगारात. ताईंनी टर्मिनलच्या पाठीवरचा वेगाचा आकडा वाचला, मोडेमच्या तळाचा वाचला, भांडाराला फोन करून तिकडचा विचारला. तिन्ही एकच निघाले. जुळवाजुळव म्हणतात ती एवढीच. तिला ना डोळे मिटावे लागतात, ना शीळ घालावी लागते.

'उस्ताद' हा शब्द ताईंच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. रोज सकाळी त्या आधी वायर काढतात, एक कळ दाबतात, आणि पडदा कोराच आहे ना ते बघतात. मगच वायर जोडून कामाला लागतात. कुणी हसलं तर म्हणतात, "विश्वास ठेवायचाच आहे हो. पण आधी वायर काढून बघायचं."