तेमारूसाहेबांची सही

चंद्रशेखरने पुढे केलेला कागद तेमारूसाहेबांनी वाचला आणि सही न करताच परत दिला.

हुसेनमियाँ पलंगाशी उभा होता. मूळचा हर्णैचा, रियाधच्या या दवाखान्यात अकरा वर्षं वॉर्डबॉय. महिनाभर साहेबांना पुसून काढणं, त्यांची कूस बदलणं त्याच्याकडेच होतं. प्रशांत महासागरातल्या आपल्या चिमुकल्या बेटांना ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळवून देणारा, तिथला पहिला पंतप्रधान हा माणूस. वीजघरासाठी डिझेल मागायला आला आणि इथंच अर्धांगाने आडवा झाला. तेवढ्यात युद्ध पेटलं. विमानं बंद झाली. त्यांच्या देशाची वकिलात तर अख्ख्या अरबस्तानात नव्हती.

दुपारी ब्रिटिशांचं एक विमान सुटणार होतं, पण फक्त त्यांच्या माणसांसाठी. दवाखान्याच्या ऑफिसातल्या नाशिककर चंद्रशेखरने खटपट करून यादीत साहेबांचं नाव घुसवलं होतं. त्यांनी ब्रिटिश म्हणून सही केली की झालं.

हुसेनमियाँने परोपरीने विनवलं. एका सहीने काय बिघडतं, लेकीचं तोंड तरी दिसेल, म्हणाला. साहेबांची जीभ जड झाली होती.

"सात वर्षं तुरुंगात काढली, हुसेन," ते म्हणाले, "हाच शब्द खोडायला."

विमान गेलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा वाजला. लिफ्ट बंद पडली, सगळ्यांना तळघरात जायचा हुकूम झाला. हुसेनमियाँने साहेबांच्या काखेत हात घातले, पण तो थोराड देह एकट्याला उचलेना. साहेबांनी त्याला डोळ्यांनीच दार दाखवलं. तो हलला नाही. मग जवळच कुठंतरी काचा फुटल्या, आणि कळायच्या आत तो जिना उतरत होता.

पाऊण तासाने चंद्रशेखरबरोबर तळघरातून वर आला तेव्हा साहेब पलंगावरून अर्धे खाली लोंबकळत होते. अंग अजून कोमट होतं.

आठवड्याभराने त्यांच्या लेकीचा फोन लागला. चंद्रशेखरने तिला काय ते सांगितलं. वॉर्डातल्या माणसाशी बोलायचंय, म्हणाली, म्हणून त्याने हुसेनमियाँला बोलावून घेतलं. शेवटी वडिलांजवळ कुणी होतं का, एवढंच तिला हवं होतं.

"मी होतो," हुसेनमियाँ मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "हात धरून होतो."

मग तिने त्याचं नाव विचारलं. घरात लिहून ठेवायचंय, म्हणाली.

हुसेनमियाँने नाव सांगितलं. तिला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, हळू, एकेक अक्षर सुटं करून. चंद्रशेखर खिडकीकडे तोंड करून उभा होता.