तिसऱ्या रांगेतली कुजबुज

सुमतीमावशी आधी कानांना भेटायची, मग डोळ्यांना. थिएटरमधला प्रकाश हळूहळू मावळायचा, छतावर रंगवलेल्या आभाळातल्या बारीक दिव्यांच्या चांदण्या तेवढ्या उरायच्या, आणि रंगमंचावरच्या नटानं तोंड उघडण्याच्या अर्धा क्षण आधी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीतून त्याचं वाक्य यायचं. कोरड्या, कापऱ्या, पण काना-मात्रा न चुकणाऱ्या स्वरात. त्या स्वराला कापराचा गंध होता असं मला अजून वाटतं, कारण वर्षभर पेटीत घडी घालून ठेवलेली शाल ती त्या एकाच दुपारी बाहेर काढायची.

ते थिएटर अमेरिकेतल्या आमच्या शहराच्या डाउनटाउनमधलं, शंभरी ओलांडलेलं. लाल मखमलीच्या खुर्च्या, पितळी कठडे, भिंतींवर सोनेरी वेलबुट्टी, पॉपकॉर्न आणि जुन्या गालिच्याचा एकजीव झालेला वास. ऐतिहासिक वास्तू म्हणून इतकी जिवापाड जपलेली, की बाल्कनीत जायला लिफ्टसुद्धा बसवलेली नाही. दाराशी लाल कोटातले पांढऱ्या केसांचे अमेरिकन आजी-आजोबा उभे असतात आणि येणाऱ्याला अदबीनं जागा दाखवतात. वर्षातून एकदा, पानगळीच्या दिवसांत, आमचं मराठी मंडळ हे थिएटर भाड्यानं घेतं आणि भारतातून आलेल्या एखाद्या जुन्या नाटकाचा नव्या संचातला प्रयोग तिथे लावतं.

आता आमचा प्रेक्षक म्हणजे काय प्रकार आहे, ते सांगूनच टाकते. तीनचं नाटक तीनला सुरू होईल यावर त्याची श्रद्धा नसते, म्हणून तो सव्वातीनला येतो आणि अंधारात अर्ध्या रांगेचे पाय तुडवत, सॉरी सॉरी म्हणत, आपल्या खुर्चीत विराजमान होतो. पैठणी आणि रेशमी कुर्ता अंगावर, पण चित्त पार्किंगमध्ये. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून आणलेले सामोसे पर्समधून निघतात. लाल कोटातल्या आजी हलक्या आवाजात नको म्हणतात, तर आमच्या बायका त्यांनाच एक सामोसा पुढे करतात. नायिका रडायला लागली की हा फोन उंच धरून तिचं रडणं शूट करतो, जे तो जन्मात पुन्हा बघणार नाही. शेवटच्या प्रवेशात, पडदा पडायच्या आत, जेवणाच्या डब्यांसाठी पहिला नंबर लावायला उठतो. आणि वर म्हणतो, 'मस्त होतं यार, पण थोडं स्लो होतं.' रसिक म्हणे. गाढवाला गुळाची चव काय? मी मंडळाच्या कमिटीत आहे, खुर्च्यांची वाटणी माझ्याकडे असते, त्यामुळे हे गेली बारा वर्षं मी डोळ्यांनी बघते आहे.

मावशी माझ्या नात्यातली नव्हे. तरुणपणी नवऱ्यामागून इथे आलेली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्यभर काचपट्ट्या तपासलेली, नवरा गेल्यापासून एकटी राहणारी. नाटकाला तिला मी न्यायचे, आणि त्या चाळीस मिनिटांच्या ड्राइव्हमध्ये ती भरभरून बोलायची. अमरावतीला कॉलेजात असताना तिला नाटकात काम हवं होतं. रंग सावळा आणि आवाज बारीक, म्हणून भूमिका कुणी दिली नाही. हातात संहिता देऊन विंगेत उभं केलं, कुणी वाक्य विसरलं तर हळूच सांगायला. 'अगं, प्रॉम्प्टरचं नाव पत्रिकेत शेवटून दुसरं,' ती हसत सांगायची, 'शेवटचं चहा आणणाऱ्याचं.' पाच वर्षं ती विंगेच्या काळोखात उभी राहिली, आणि नायकापासून घरगड्यापर्यंत सगळ्यांची वाक्यं तिच्या जिभेवर येऊन बसली, ती उठलीच नाहीत.

लाल मखमलीत बसली की तिच्या उजव्या हाताचं बोट मांडीवरच्या शालीवर ओळीओळीनं सरकायचं, तिथे अजून ती संहिता उघडी असल्यासारखं. नट बरोबर बोलला की बोट पुढे जायचं, अडखळला की थांबायचं, आणि मग ती कुजबुज जरा मोठी व्हायची. तीन वर्षांपूर्वी एक वयस्क, नावाजलेला नट आला होता. भर प्रयोगात दोनदा त्याची नजर तिसऱ्या रांगेकडे वळलेली मी पाहिली. मला वाटलं, म्हातारीच्या बडबडीचा त्याला राग आला. माझी समज तेवढीच.

गेल्या वर्षी प्रयोगानंतर मागच्या रांगेतल्या एका आयटीवाल्यानं कमिटीला लांबलचक ईमेल पाठवली. एक काकू लाइव्ह कॉमेंट्री करतात, त्यामुळे सगळा एक्सपिरियन्स स्पॉइल होतो, वगैरे. स्वतः या महाशयांचा फोन त्या प्रयोगात तीनदा वाजला होता. पण मला लाज वाटली ती मावशीची. यंदा प्रयोगाच्या आधी मी तिला फोन केला.

'मावशी, तुझी सीट या वेळी बाल्कनीत टाकली आहे. वरून व्ह्यू छान दिसतो.'

'जिना किती आहे गं?'

'आहे थोडा.' तिच्या गुडघ्यांची मला पूर्ण कल्पना होती.

तिनं विचारलं, 'मी फार मोठ्यानं बोलते का?'

'थोडंसं. लोक म्हणतात.'

'मग यंदा राहू दे. तोंडाला कुलूप घालून बसायला मला जमायचं नाही.'

बरं झालं, आपणहून सुटलं, असं मी मनात म्हटलं. तिची खुर्ची मी यंदाच्या प्रायोजकाला दिली. हे गृहस्थ घरं विकतात आणि नाटकाला मूव्ही म्हणतात.

यंदा तोच वयस्क नट आला, तेच नाटक घेऊन. दुसऱ्या अंकात घर सोडून गेलेल्या मुलाचं पत्र हातात घेऊन बाप, म्हणजे हा नट, खिडकीशी उभा राहतो. बाहेर शिशिराचा फिकट प्रकाश. तो म्हणाला, 'तू गेलास त्या दिवशी मी दार लावलं नाही, कारण...' आणि थांबला.

मला वाटलं, विराम आहे. मग विराम लांबत गेला. त्याचं कपाळ घामानं चमकायला लागलं, आणि त्याची नजर संथपणे खाली उतरून तिसऱ्या रांगेच्या कडेच्या खुर्चीवर येऊन थांबली. तिथे प्रायोजकाचा चेहरा फोनच्या निळ्या उजेडात न्हाऊन निघाला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की तीन वर्षांपूर्वी त्या माणसाच्या डोळ्यांत राग नव्हता. तो वाक्य मागत होता, आणि ते त्याला मिळत होतं. दौऱ्यावर माणसं मोजकीच, विंगेत प्रॉम्प्टर नव्हता. पुढचं वाक्य मला येत नव्हतं. आठशे खुर्च्यांत ते कुणालाही येत नव्हतं.

एका लहान मुलाचा आवाज आला, 'मॉम, इज इट ओव्हर?' तेवढ्यानं प्रायोजकानं मान वर केली आणि टाळी वाजवली. मग दुसरी, मग दहा, मग सगळं थिएटर उठून उभं राहिलं. शिट्ट्यासुद्धा झाल्या. एक माणूस भर रंगमंचावर बुडत होता आणि माझी माणसं त्याचं बुडणं अभिनय समजून त्याला मानवंदना देत होती. सोबतच्या नटीनं दोन पानं गाळून प्रवेश पुढे ढकलला. नटानं मान खाली घातली ती शेवटपर्यंत पुरती वर केली नाही.

डब्यांच्या रांगेत तो ईमेलवाला माझ्यापुढेच होता. 'काय पॉज घेतला यार त्यानं. गूजबम्प्स.' त्याला काय बोलायचं? रांगेत मीही उभी होते.

संध्याकाळी डबा घेऊन मावशीकडे गेले. अंगणातल्या मेपलची पानं कुणी गोळा केली नव्हती. ती खिडकीशी बसली होती, अंगावर घरातला साधा स्वेटर. मी सगळं सांगितलं, बाल्कनीचं, खुर्चीचं, टाळ्यांचंही. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. 'बिचारा,' एवढंच म्हणाली, नटाला.

मग मीच विचारलं, 'मावशी, “तू गेलास त्या दिवशी मी दार लावलं नाही, कारण...” याच्या पुढे काय गं?'

तिचं बोट गुडघ्यावर सरकलं. थोडं पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं, आणि थांबलं. तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, मग माझ्याकडे बघून मान हलवली.

'येत नाही गं. समोर माणूस उभा असला की आपोआप यायचं.'

ते वाक्य छापील पुस्तकात मिळेल, मला ठाऊक आहे. अजून मी ते उघडलेलं नाही. काळ आठवणी चोरून नेतो असं आपण फार सहज म्हणतो. मला वाटतं, आठवणीला बसायला अंधारात एक खुर्ची लागते, आणि मावशीची ती खुर्ची मी माझ्या हातानं दुसऱ्याला दिली होती.