दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे

टायरच्या दुकानावरील त्या दालनात शंभर माणसे श्वास रोखून बसली होती. समोरच्या चौथऱ्यावर शुभ्र वस्त्रातील एक काष्ठमूर्ती होती; तिला सारे मौनी म्हणत. मौनी बोलत नसे, केवळ हात हलवी. हात उजवीकडे वळला तर ‘घे’, डावीकडे वळला तर ‘सोड’. शेजारच्या गादीवर रेशमी शाल पांघरून बसणारा दाढीवाला तो कौल उलगडून सांगे, म्हणून त्याचे नाव दुभाषी पडले होते.

“मौनी समाधीत आहेत,” चौथऱ्यामागचे बटण दाबून दिवा लावीत दुभाषी म्हणाला. “कुणी हलू नका, खोकू नका. तुमच्या शंका त्यांच्या वाटेत काट्यांसारख्या पडतात.”

अर्धे मिनिट गेले. मग तो लाकडी हात दोनदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झटकला गेला आणि मध्यावर स्थिरावला.

“संचार झाला,” दुभाषी पुटपुटला. शंभर मस्तके एकदम लवली.

ताठ राहिले ते एकच, बाईंचे. बाई तंत्रशाळेत नवशिक्यांचा वर्ग घेत. पत्त्याच्या पानाएवढा संगणक हाती देऊन त्याला घरातला दिवा कसा जोडावा, बटण कसे ओळखायला लावावे, मोटर बसवून यंत्राचा हात कसा हलवावा, हे त्या शिकवीत. त्या आल्या होत्या थोरल्या बहिणीसाठी.

ताई धुलाईगृहात वाफेच्या इस्त्रीवर काम करी. तिला आकडी येई. परंतु रोजच्या गोळीने अकरा वर्षे तो आजार दाराबाहेर उभा केला होता. दोन महिन्यांपूर्वी मौनीचा हात डावीकडे वळला आणि ताईने गोळ्या कचऱ्यात टाकल्या. गेल्या आठवड्यात ती काम करता करता इस्त्रीवर कोसळली. तळहात भाजला. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या आणि स्पष्ट बजावले, “पुढच्या वेळी हाताच्या जागी डोकं असेल.” दुभाषी म्हणाला, “आजार हाताच्या वाटेने बाहेर पडला.” ताईने दुभाष्याचे ऐकले.

जिना उतरताना बाईंनी विचारले, “ताई, त्या मूर्तीत मोटर आहे. मी दाखवलं तर मानशील?”

“तू शिकलेली. तुला सगळीकडे वायरच दिसते.”

“वायर असते म्हणून दिसते गं.”

“राहू दे. सोमवारी मी कामावर जाणार. गोळीचं नाव काढू नकोस.”

बाईंच्या मस्तकात मौनीच्या हाताची ती हालचाल घणासारखी आदळत होती. दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे. स्वतःचे हस्ताक्षर परक्याच्या पत्रावर दिसावे, तसे त्यांना झाले होते.

रविवारी सायंकाळी त्या दुभाष्याच्या आधी पोहोचल्या आणि कापडाने झाकलेले एक खोके त्यांनी मूर्तीशेजारी ठेवले. दारावर बसणाऱ्या शिंप्याला ती भक्ताची भेट वाटली. मूर्तीला जिथून वीज मिळे त्याच विजेच्या बोर्डात बाईंनी खोक्याची पिन खोचली, तरी त्याने हटकले नाही.

सभा भरली. दुभाष्याने बटण दाबले. “कुणी हलू नका,” तो म्हणाला, आणि बाई उठून चौथऱ्यापाशी गेल्या. त्यांनी कापड ओढले. आत पुठ्ठ्याचा हात होता, वर्गातल्या एका निवृत्त पोस्टमनने बुटांच्या खोक्यातून कापलेला. बोटे वेडीवाकडी, अंगठा मनगटापाशी.

अर्धे मिनिट गेले. लाकडी हात झटकला, पाठोपाठ पुठ्ठ्याचा. दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मागे कोणाला तरी हसू फुटले.

“मौनींची कृपा जडातही उतरते,” दुभाषी घाईने म्हणाला.

“मग ह्यालाच कौल लावते. ताईने गोळी घ्यावी का?” बाईंनी खोक्यावरचे एक बटण दाबले. पुठ्ठा उजवीकडे वळला. “घे म्हणतोय.” त्यांनी दुसरे दाबले. पुठ्ठा डावीकडे गेला. “आता सोड म्हणतोय. दोन्ही वेळा अंगठा माझा. शिंपीदादा, जरा ती गादी उचला.”

“गादीला हात लावू नकोस,” दुभाषी गुरगुरला.

“आयुष्य गाद्या शिवण्यात गेलं माझं,” शिंपी म्हणाला. “ही एका कोपऱ्यात कडक का, ते मला कधीचं बघायचंय.”

गादीखाली दोन बटणे निघाली, नेमकी दुभाष्याच्या पायाच्या अंगठ्यापाशी. बाईंनी मूर्तीच्या पाठीचे झाकण काढले. आत छोटा संगणक, त्याला जोडलेली मोटर आणि धूळ.

“बटण दाबल्यावर ह्याला जागं व्हायला अर्धं मिनिट लागतं. ती तुमची समाधी,” बाई लोकांकडे वळून म्हणाल्या. “आणि हात झटकतो तो संचार नव्हे. मोटर ठीक आहे ना, हे बघायला तिसऱ्या तासाच्या पाठात मी स्वतः प्रोग्रॅमच्या तीन ओळी लिहिल्या आहेत. त्या काढून कशा टाकायच्या ते चौथ्या तासाला शिकवते.” मग त्या दुभाष्याकडे वळल्या. “दाढी वाढवलीस म्हणून ओळखायला वेळ लागला रे. तू चौथ्या तासाला आलाच नाहीस. नक्कल करायलाही अक्कल लागते.”

दुभाष्याचा आवाज एकाएकी विद्यार्थ्याचा झाला. “बाई, मी कुणावर जबरदस्ती केली नाही. लोकांना धीर हवा होता.”

बाईंनी ताईचा पट्टी बांधलेला हात उचलून त्याच्यासमोर धरला. “हा तुझा धीर. जी विद्या मी आंधळ्याला दिवा मिळावा म्हणून दिली, तिने तू डोळसांचे डोळे बांधलेस.”

मग ताई सभेत प्रथमच बोलली. “माझी गोळी कशाची आहे, हे तुला ठाऊक होतं का?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“डावीकडे का वळवलास मग?”

“आधीच्या दोघांना ‘घे’ आलं होतं,” तो म्हणाला. “सारखं तेच आलं तर लोकांना संशय येतो.”

दालनात कोणी हलले नाही. त्यासाठी आता कोणाच्या आज्ञेची गरज नव्हती. ताईने पिशवीतून डॉक्टरांनी दिलेले गोळ्यांचे पाकीट काढले. एका हाताने ते उघडेना. बाई मदतीला पुढे झाल्या, तर तिने मान हलवली, दातांनी पाकीट फाडले आणि मौनीच्या समोर उभी राहून पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली.

पहिल्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ चाचरत म्हणाले, “पण बाई, आम्ही विश्वास ठेवायचा तरी कशावर?”

“ह्या पुठ्ठ्यावर ठेवू नका, आणि माझ्यावरही नको,” बाई म्हणाल्या. “जो तुम्हाला औषध सोडायला सांगेल, त्याला आधी विचारा, औषध कशाचं आहे. आणि जो हात हलतो, त्याच्या पाठीचं झाकण उघडून बघा. उघडू देत नसेल, तर तिथून उठा. वर्ग उद्या सहा वाजता आहे. पहिल्या तासाला आपण फक्त एक दिवा लावतो.”

त्यांनी बोर्डाचे बटण बंद केले. दोन्ही हात जिथल्या तिथे सैल पडले.