जळकुकडीचं खरं

जळत होते मी. व्हय, जळत होते! लपवू कशाला? शकुबाईचा रामकिशन बघितला की माझ्या पोटात चूल पेटायची. पण जळणारी बाई जे बोलती ते सगळं खोटंच असतंय, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय, ते एकदा कुणीतरी मला सांगा.

शकुबाई माझी धाकली जाऊ. आमच्या दोघींची बाळंतपणं एकाच दिवाळीच्या अल्याडपल्याड झाली. तिला पोरगा, रामकिशन. मला पोरगी, नागू. एकाच ओसरीवर दोन पाळणे, एकात लोण्याचा गोळा आणि दुसऱ्यात माझी काटकी. शकुला दूध इतकं, की चोळी भिजून पदर भिजायचा. माझ्याकडं नागू ओढून ओढून दमायची, मग रडायची, मग रडूनबी दमायची. खटकचिंचोळी गावच्या अर्ध्या बाया पाण्याला आमच्या दारावरून जायच्या आणि एकजणबी रामकिशनचा गालगुच्चा घेतल्याबिगर पुढं जायची न्हाई. मग माझ्याकडं बघून म्हणायच्या, "नागूबी गोड हाय की." उपकार केल्यावानी!

एकदा मी शकुला म्हणले, "तुझं वाया जायलंय, दोन घोट माझ्या लेकीला पाज की." शकु काही बोलायच्या आधी सासूबाई कडाडल्या, "पोराच्या वाट्याचं तोडून पोरीला पाजू म्हणतीस?" सासूबाई म्हंजे चंद्रभागाबाई, आम्हा जावांच्या आत्याबाई. त्यांनी न्हाई म्हणलं की घरात भांडीबी वाजायची न्हाईत. आणि तूप वाढताना शकुच्या ताटात पळी उलटी करायच्या, माझ्या ताटावर नुसती फिरवायच्या. जिला दूध हाय तिला तूप आणि जिला न्हाई तिला ताक! बोलले तर मी भांडखोर.

मला नथ नको होती, पाटल्या नको होत्या. माझ्या नागूच्या अंगावर मूठभर मांस चढावं, येवढंच पायजे होतं.

अशात गुरुपादय्या आला. बाजाराच्या दिवशी बैलगाडी सोडली, गाडीत भोंग्याचा बाजा लावला, आणि गाणं ऐकायला गर्दी जमली तसं बाटल्या बाहेर काढल्या. 'नवतेज बाळकाढा' विकत होता. जसं गिऱ्हाईक तशी जीभ; मराठीत सुरू करायचा, कानडीत शिरायचा आणि उर्दूत बाहेर पडायचा.

"अक्का, हैदराबादचे मोठमोठे डागदर आपल्या लेकरांना हेच पाजतात!"

"कोणते डागदर? नाव सांगा," मी म्हणले.

"मोठ्या माणसांचं नाव असं बाजारात घेतात व्हय, अक्का?" बाया हसल्या. "अन् भालकीत तर घरोघरी बाटली हाय!"

"घरोघरी ढेकूणबी हायेत."

आणखी हसल्या. मला वाटलं, जिंकले. तसा त्यानं आवाज बारीक केला आणि म्हणाला, "ज्या माउलीचा लेकरावर जीव हाय, ती असले सवाल करीत बसत न्हाई. ती घेती." झालं! हसणं थांबलं आणि पदराच्या गाठी सुटायला लागल्या. कारण आता 'न्हाई घेत' म्हणायचं म्हंजे 'माझा लेकरावर जीव न्हाई' म्हणायचं. काय डाव टाकला बघा मेल्यानं.

तेवढ्यात त्याला शकुच्या कडेवरचा रामकिशन दिसला. डोळे चमकले त्याचे. मग त्यानं माझ्या खांद्यावरची नागू बघितली, आणि म्हणाला, "दोघांचाबी फोटू काढायचा. बीदरहून फोटूवाला आणतो."

दोघांचाबी! खरं सांगते, त्या एका शब्दानं मी विरघळले. तोवर माझ्या लेकीला रामकिशनच्या बरोबरीनं कुणी बसवलंच नव्हतं. पुढच्या बाजाराला फोटूवाला आला. मी नागूला न्हाऊ घातलं, काजळ घातलं, माझ्या माहेरची जरीची कुंची घातली. गुरुपादय्या म्हणाला, "अक्का, कुंची काढा, झबलं काढा, काजळ पुसा. लेकरू हाय तसं दिसू द्या." मी काढलं. रामकिशनला मात्र झबलं, टोपी, गळ्यात ताईत, आणि मांडीवर काढ्याची बाटली. बाटलीचं बूच लाखेनं बंद होतं. मी माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंय; तोवर त्या पोरानं काढ्याचा थेंबबी चाखला नव्हता.

काही दिवसांनी मारुतीच्या पारामागच्या भिंतीवर इश्तिहार चिकटला. जाहिरातीचा मोठा थोरला कागद. डावीकडं माझी नागू, बरगड्या वर आलेली, उघडी. उजवीकडं रामकिशन. खाली तीन भाषांत अक्षरं. मला वाचता येत न्हाई, म्हणून आमच्या मालकांना वाचायला लावलं. त्यांनी आधी घसा खाकरला. नागूच्या खाली लिहिलं होतं, 'काढा घेण्याआधी'. रामकिशनच्या खाली, 'काढा घेतल्यावर'. आणि वर मोठ्या अक्षरांत, 'बाळ तेच!'

माझ्या पायाची आग मस्तकात गेली. पाराजवळ निलम्मा उभी होती, रोज रामकिशनचा गालगुच्चा घेणारी. तिला धरून मी भिंतीजवळ ओढली.

"ही कोण गं?"

"नागू की."

"आणि हा?"

"रामकिशन."

"मग?"

निलम्मानं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत कागदाकडं बघितलं. "व्हय गं," म्हणाली, "पर फरक बघ की किती पडलाय!"

आता ह्या बाईचं काय करावं? मी म्हणले, "अगं, ही पोरगी हाय, तो पोरगा हाय!" तर म्हणती, "छापलंय म्हंजे त्यात काहीतरी असंलच की." बाजार भरलेला होता. मी गाडीपुढं जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "पोरगं गुबगुबीत आधी होतं, बाटली मागून आली! कावळा बसायला अन् फांदी मोडायला गाठ पडली, तरी शहाणा माणूस कावळ्याला दोष देत न्हाई. इथं तर फांदी मोडून पडल्यावर ह्यानं कावळा आणून बसवलाय!"

दोनचार माणसं वळून भिंतीकडं बघायला लागली. मला वाटलं, शिरलं डोक्यात. पण गुरुपादय्या काय कच्चा गडी न्हवता. त्यानं बाजा बंद केला, हात जोडले. "अक्का, तुमचं दुःख मला कळतंय. जावेचं लेकरू अस्सं, आपलं तस्सं. कुणाच्याबी पोटात कालवंल." मग गर्दीकडं वळून म्हणाला, "मंडळी, तुम्हीच सांगा, ही माउली काढ्याविषयी बोलायलीय का जावेविषयी?"

सगळा बाजार हसला. कुणीतरी मागून म्हणलं, "जळकुकडी!" माझ्या बोलण्यातलं एक अक्षर कुणी खोडलं न्हाई. खोडायची गरजच पडली न्हाई.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "तुझं खरं असंल. पर तू सांगू नको. तुझ्या तोंडातून ते खरं वाटत न्हाई."

शकुला काढा फुकट. इश्तिहारावर तिचाच पोरगा, मग घरात काढा न्हाई असं कसं चालंल? तिनं पाजायला सुरू केलं. रामकिशन झोपायला लागला. सकाळी झोप, दुपारी झोप. बाया कौतुक करायच्या, "किती शांत लेकरू!" इकडं माझी नागू कोकलायची. मग त्याचं बाळसं उतरायला लागलं. गाल आधी गेले. तवा मला बरं वाटलं. सांगते ना, बरं वाटलं! आता बघा म्हणलं तुमचा इश्तिहार.

पण बाळसं उतरलं म्हणून बाटली थांबली का? उलटी वाढली! सासूबाई म्हणायच्या, "काढा कमी पडायलाय, म्हणून सुकायलाय." चमच्याचे दोन चमचे झाले. औषधानं गुण आला तर औषध चांगलं, आणि न्हाई आला तर औषध कमी. असल्या हिशोबात औषध कधी हरंल का?

एका दुपारी शकु त्याला पाजायला बसली होती. पोरगं तोंड लावत न्हवतं. मान एकीकडं कलंडलेली, डोळे अर्धे उघडे, बुब्बुळं वर. मी जवळ जाऊन त्याच्या तळव्याला चिमटा घेतला. रडला न्हाई. रानात खुरपायला जाणाऱ्या बाया लेकराला अफूची मोहरीयेवढी गोळी चारतात, मग ते बांधावर गप पडून राहतं. तसली झोप मी वळखते.

"शकु, फेक ती बाटली. त्यात अफू हाय."

"अक्का," शकु म्हणाली, "माझ्या लेकराचा फोटू तुमच्या डोळ्यात खुपायलाय."

"फोटू गेला चुलीत! पोरगं मरंल गं!"

"अभद्र बोलती रांड!" सासूबाई आतून धावत आल्या. श्रीपत भावजी, शकुचे मालक, तेबी आले. शेजारच्या बाया जमल्या. सगळ्यांनी मला धरून मागं ओढली, आणि सासूबाईंनी माझ्यादेखत बाटलीचं बूच काढलं. आणखी एक चमचा पाजायला.

त्या घडीला मला कळलं की खरं सांगून पोरगं वाचायचं न्हाई. ह्यांनी माझ्याविषयी जे आधीच ठरवलंय, तेवढंच ह्यांना ऐकू येतंय. मग मी तेच बोलले. केस मोकळे सोडले आणि अंगणात उभी राहून ओरडले, "व्हय, मी नजर लावली! त्या बाटलीवर लावली! माझ्या लेकीला उघडी करून भिंतीवर डकवली, त्याची हाय लागलीय त्या काढ्याला! बाटली घरात हाय तोवर पोरगं डोळा उघडायचं न्हाई!"

सासूबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. इश्तिहाराविषयी शंभर गोष्टी सांगितल्या तवा कुणाची पापणी हलली न्हवती, आणि ह्या एका थापेवर सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. भावजींनी घरातल्या सगळ्या बाटल्या उकिरड्यावर नेऊन दगडानं फोडल्या. सासूबाईंनी माझ्या तोंडात मारली, मग मीठ-मोहऱ्या घेऊन पोरावरून उतरवल्या. चूल तडतडली. "बघा, केवढी नजर!" बाया म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रामकिशन रडला. असा रडला की घर डोक्यावर घेतलं. पुढं दूध ओढायला लागला, हळूहळू गालबी आले. आणि गावाला पुरावा मिळाला. बाटली गेली, पोरगं उठलं. म्हंजे माझी, राजूबाईची, नजर खरीच वाईट! गुरुपादय्याला कळलं तसं त्यानं प्रत्येक बाटलीच्या गळ्यात काळा दोरा बांधायला सुरू केलं. "दृष्ट न लागणारा काढा!" आधीपेक्षा जास्ती खपला.

मला बघून बाया लेकरं पदराखाली घ्यायला लागल्या. निलम्मा दुसऱ्या आळीनं पाण्याला जायला लागली. पुढं नागूला हगवण लागली, तवा सासूबाईंनी तिचा पाळणाच उचलला. "आईचीच दृष्ट लवकर लागती, आणि तुझी तर काय बोलायलाच नको! मेली तर लोक आम्हाला नावं ठेवतील." नागूला शकुच्या खोलीत नेलं. मी उंबऱ्यावर डोकं आपटलं, पण कुणी ऐकलं न्हाई. आत शकुनं तिला पदराखाली घेतलं, आणि माझी लेक प्याली. तिचे घोट मला बाहेर ऐकू आले.

नागूच्या दंडाला वळ्या पडल्या. मांड्या भरल्या. "राजूबाईच्या नजरेआड झाली आणि पोरगी फुगली," असं गावभर झालं. दूध मिळालं म्हणून फुगली रे, मूर्खांनो!

एक दिवस घरात आम्ही दोघीच होतो. मी शकुच्या दाराबाहेर जात्यापाशी बसले होते. शकु नागूला पाजत होती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "त्या बाटलीतच होतं. मला ठाऊक हाय. नंतर उकिरड्यावर कुत्रं चाटून गेलं, दिवसभर पडून होतं."

माझे हात थांबले. "मग सांग की गं! आत्याबाईला सांग, निलम्माला सांग. माझ्या तोंडाचं काळं पूस."

"तुम्ही म्हणाल तर आज सांगते." तिनं नागूच्या केसांवरून हात फिरवला. "पण तुमची नजर चांगली ठरली, की नागूला माझ्याजवळ कशाला ठेवतील आत्याबाई? पोराच्या वाट्याचं पोरीला देऊ देतील व्हय?"

ती माया होती का धमकी, मला कळलं न्हाई. मला फक्त नागूचा हात दिसत होता. शकुच्या छातीवर पसरून ठेवलेला, गुबगुबीत, निवांत. माझ्यावर तिनं तसा कधी ठेवला न्हवता. इतकी जळले, इतकी जळले, की डोळ्यातून पाणी आलं.

तेवढ्यात लई दिवसांनी बाहेर निलम्माचा आवाज आला. नातवाला कडेवर घेऊन ती दारातून आत वाकून बघत होती, घरात कोण कोण हाय म्हणून. शकु माझ्याकडं बघायला लागली.

मी उठले, डोळे पुसले आणि दारात जाऊन उभी राहिले.

"निलम्मा," मी म्हणले, "लेकराला पदराखाली घे. मी हाय इथं."